दोन अंगठे

९ जून

ही वही मेहनतीची आहे. रोज किती जोर, किती बैठका, काय खाल्लं, एवढंच लिहायला वस्तादांनी दिली होती. मार्चपासून पानं कोरी आहेत.

आज वस्ताद म्हणाले, "बिरुदेव, सिद्धरामच्या घरी एकदा जाऊन ये. कुस्तीच्या समितीची चौकशी लागलीय. तू गेलाच न्हाईस तर लोक म्हणणार, ह्याच्या मनात पाप हुतं."

मनात काही नव्हतं. मार्चमध्ये पंढरपूरकडच्या एका गावात जत्रेच्या मैदानात माझी आणि सिद्धराम बिराजदारची कुस्ती लागली. तो सोलापूरचा. मी करमाळ्याकडचा, पण पाच वर्षं सोलापुरातच तालमीत राहतो. आधी दोनदा त्यानं मला पाडलेलं. तिसऱ्या वेळी त्याची मान माझ्या काखेत आली, मी उचलून मागं फेकला. तो डोक्यावर पडला. मानेचा मणका गेला. आम्ही कडेला गेलो म्हणून पंचांनी शिट्टी मारली होती म्हणतात. मला ऐकू आली नाही. चार-पाच हजार माणसं ओरडत असताना कुणाला ऐकू येते?

समिती सिद्धरामचाही जबाब घेणार आहे. तो अपघात म्हणाला तर मी सुटलो. दिवाळीनंतरच्या निवड चाचणीत उतरता येईल. खरं सांगायचं तर त्यासाठीच जाणार आहे. वहीशी कशाला खोटं बोलू.

१२ जून

बाळीवेशीतलं घर सापडलं. दार त्याच्या आईनं उघडलं, गौरम्मानं. तिनं मला ओळखलं नाही. ती मैदानात नव्हती, आणि दवाखान्यात मी कधी गेलो नाही. नाव सांगायच्या आत आतून सिद्धराम ओरडला, "अव्वा, तालमीतला अजिंक्य हाय. येऊ दे त्याला."

"बा तम्मा, बा," म्हणत तिनं मला आत घेतलं. ये बाळा, ये.

ब्याण्णव किलोचा गडी होता. आता चाकाच्या खुर्चीत बसवलेला, छातीला पट्टा. पाय गेले. हात कोपरापासून हलतात, मनगटं थोडी, बोटं वळत नाहीत. अंगठे तेवढे जरा जरा परत आलेत.

"अजिंक्य कशाला म्हणालास?" मी हळू विचारलं.

"तुझं नाव घेतलं तर ती आज जेवायची न्हाय."

मी वाक्य पाठ करून गेलो होतो. ते निघालंच नाही. समोर कॉम्प्युटर होता, पडद्यावर वरून दिसणारं एक आवार, मधोमध बंदूकवाला माणूस. चारी बाजूंनी लांडग्याच्या तोंडाची माणसं धावत येतात आणि त्याला फाडतात. सिद्धरामची धाकटी बहीण भुवनेश्वरी शाळेत कॉम्प्युटर शिकवते, तिनं हा गेम घालून दिलाय. डाव्या हातानं कीबोर्डवर चालायचं, उजव्या हातानं माऊस फिरवून नेम धरायचा, बटण दाबून मारायचं. सिद्धरामचा पंजा माऊसवर नुसता ठेवलेला. नेम धरायला गेला की माऊस सरकून टेबलावरून खाली. बटण दाबायला बोट नाही. बारा सेकंदांत लांडग्यांनी पडद्यावर त्याची आतडी काढली.

"उचल," तो म्हणाला. मी माऊस उचलून हाताखाली ठेवला. पुन्हा पडला. पुन्हा उचलला. नवव्या वेळी त्यानं सगळा हात आडवा फिरवला, कीबोर्ड भिंतीवर जाऊन फुटला, एक बटण माझ्या गालाला लागलं.

गौरम्मा धावत आली. माझ्या हातात शेंगापोळी देत म्हणाली, "मनावर घ्यू नको बाबा, त्यो असाच करतोय आता."

२१ जून

भुवनेश्वरीनं मला पाहताच ओळखलं. जिन्यात तिनं वाट अडवली. "तू कोण हायस ते मला म्हाईत हाय. दादानं शपथ घातलीय म्हणून आईला सांगत न्हाय." मग म्हणाली, "यायचंच असंल तर कायतरी कामाचं कर. त्याला माऊस जमणार न्हाय. कंट्रोलर पायजे."

पार्क चौकातल्या दुकानातून आणला. दोन्ही हातांनी धरायचं यंत्र असतं. वर दोन दांड्या, डाव्या अंगठ्याला एक, उजव्या अंगठ्याला एक. डावी ढकलाल तिकडं माणूस चालतो, उजवी ढकलाल तिकडं गोळ्या सुटतात. ह्या जातीच्या गेमला बटण लागतच नाही. दोन अंगठे हलले की झालं.

सिद्धरामला हातात धरता येत नव्हता, म्हणून भुवनेश्वरीनं त्याच्या मांडीवर लाकडी पाट ठेवून कंट्रोलर त्यावर पट्टीनं आवळला. दांड्यांवर रबराच्या खोलगट टोप्या बसवल्या, अंगठा घसरू नये म्हणून. पहिल्याच डावात तो दोन मिनिटं जगला.

दोन मिनिटं! घामानं निथळत होता. ओठ चावून रक्त काढलं होतं. "परत लाव," म्हणाला.

२७ जून

आता दोघं एकत्र खेळतो. तो कंट्रोलरवर, मी नवीन कीबोर्ड आणि माऊसवर. मला माऊस बरा वाटतो. बाण जिथं ठेवला तिथंच गोळी, डोक्यात म्हणजे डोक्यात. त्याला दांडीनं नुसती दिशा दाखवता येते, नेम अंदाजे. पण गर्दी आली की माझा बाण कुठं गेला तेच सापडत नाही, आणि तो अंगठा गर्रकन फिरवून मागचे चार लोळवतो.

"माऊसवाला बघत बसतोय," तो म्हणाला. "मला बघावं लागत न्हाय. कुटून आला ते अंगठ्याला कळतंय."

कुस्तीतही तो असाच होता. डोळे मिटून पकड सोडवायचा.

५ जुलै

गेममध्ये पडलेल्या जोडीदाराजवळ तीन सेकंद उभं राहिलं की तो परत उठतो. आज मी सहा वेळा पडलो आणि सिद्धराम एकदाही वेळेत पोचला नाही. दोनदा तर अगदी शेजारी होता. लांडगे मला खात होते, माझा माणूस हात वर करून ओरडत होता, पडद्यावर रक्ताची धार चालली होती, आणि सिद्धरामचा माणूस दोन पावलांवर उभा.

"ये की!" मी ओरडलो.

"अंगठा दमला."

दमत असेल. अजून ताकद कमीच आहे. पण मी पूर्ण मेल्यावर त्यानं एकट्यानं अख्खी लाट कापली, एक मोठा राक्षस गोळ्या घालून घालून चिंधड्या होईपर्यंत. राक्षस मेल्यावरही अंगठा दाबलेलाच होता. भुवनेश्वरी दारात उभी राहून त्याच्याकडं नाही, माझ्याकडं बघत होती. का ते कळलं नाही.

मला वाटतं त्याला माझी सवय होतेय. चांगली गोष्ट आहे.

१८ जुलै

आज तालमीत मारामारी झाली. माझीच चूक. धोंडीराम टेंभुर्णीचा, तोंडाचा फटकळ. लढतीसाठी मातीत उतरलो तर सगळ्यांसमोर म्हणाला, "मानंला हात लावू नको रं बाबा, माझं लगीन व्हायचंय."

सगळे हसले. मीही हसलो. मग काय झालं ते नीट आठवत नाही. आठवतं तेव्हा मी त्याच्या छातीवर बसलो होतो आणि त्याच्या तोंडातून लाल माती निघत होती. दोन दात मातीत. माझ्या मुठीत तिसऱ्याचा तुकडा रुतलेला. चौघांनी ओढून काढलं मला.

वस्तादांनी माझ्या कानाखाली दिली. "व्हय रं, तुला थांब म्हणलेलं कळत न्हाय का?"

धोंडीराम थांब म्हणाला होता म्हणतात. तीनदा म्हणाला होता.

हाताला चार टाके. माऊस धरता येत नाही.

२० जुलै

सिद्धरामनं टाके बघितले. काय झालं विचारलं, सांगितलं. मग म्हणाला, "मग तुला बी कंट्रोलरच घ्यावा लागंल."

दुसरा आणला. माझे अंगठे जाड, दांड्यांवर बसतच नाहीत. डावीकडं पळायला जातो आणि डावीकडंच गोळ्या मारतो. दोन अंगठ्यांनी दोन वेगळ्या दिशा धरणं मेंदूला जमत नाही. पळायचं एकीकडं आणि मारायचं पाठीमागं. सिद्धराम हसून हसून बेजार. मार्चनंतर पहिल्यांदा हसला असेल. गौरम्मा स्वयंपाकघरातून बघायला आली आणि पदर तोंडाला लावून परत गेली.

मग तिनं मला कडक भाकरी, शेंगाचटणी आणि दही वाढलं. "अजिंक्या, तू येतोस म्हणून पोरगं जेवतंय बघ. देव तुझं भलं करू दे."

घास पाण्याबरोबर ढकलला.

शिट्टी आणि फेक एकदमच झाली असेल. असंच होतं पुष्कळदा. पंच उशिरा वाजवतात.

२ ऑगस्ट

भुवनेश्वरीनं आज जिन्यात विचारलं, "तू शिट्टी ऐकली हुतीस का?"

"न्हाय."

"मी हुते मैदानात. बायकांच्या बाजूला, लांब. मला ऐकू आली."

मी खाली उतरलो. गाडीची किक दोनदा हुकली. गर्दीत प्रत्येकाला वेगळं ऐकू येतं. ती बहीण आहे, तिला तसंच वाटणार.

१४ ऑगस्ट

आज समितीचे दोघे सिद्धरामच्या घरी जबाबाला आले. गौरम्मा देवळात गेली होती. मला बाहेर थांबायला सांगितलं, पण दार उघडंच होतं.

"शिट्टी झाल्यावर पकड सोडली नाही, असं काही म्हणणं आहे का तुमचं?"

सिद्धरामनं दाराकडं पाहिलं, माझ्याकडं. इतका वेळ पाहिलं की कागदवाल्यानं पेन खाली ठेवलं. मला वाटलं त्याला बोलायला जड जातंय, कधीकधी दम पुरत नाही त्याला.

मग म्हणाला, "शिट्टीचं मला काय आठवत न्हाय. तुमी त्यालाच इचारा."

मला विचारलं. मी म्हणालो, ऐकू आली नाही.

त्यांनी लिहून घेतलं. सही म्हणून सिद्धरामचा अंगठा शाईत बुडवून कागदावर टेकवला. तो डावा अंगठा, ज्यानं तो चालतो.

सुटलो. वस्तादांनी पेढे वाटले. आज खेळलो नाही, सिद्धराम म्हणाला डोकं दुखतंय.

१६ ऑगस्ट

गेलो नाही.

१९ ऑगस्ट

तालमीत आज नव्या गड्याबरोबर धरलं. त्याची मान काखेत आली आणि माझे हात आपोआप सुटले. त्यानं मला चीत केला. पुन्हा धरलं, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा मी हट्टानं धरून ठेवलं. त्याच्या गळ्यातून घरघर ऐकू आली आणि मी तालमीच्या कोपऱ्यात जाऊन ओकलो.

शिट्टी झाली तेव्हा मी अजून सिद्धरामला उचललंच नव्हतं. माझे दोन्ही पाय जमिनीवर होते. हे लिहायला पाच महिने लागले.

३१ ऑगस्ट

आज सगळं झालं. कसंही लिहितो.

दुपारी गेलो. सिद्धराम एकटाच खेळत होता. मी कंट्रोलर घेतला नाही. त्याच्यासमोर खाली बसलो.

"सिद्धा, मला शिट्टी ऐकू आली हुती."

त्याच्या अंगठ्यांनी खेळणं थांबवलं. पडद्यावर लांडग्यांनी त्याला फाडायला सुरुवात केली.

"सगळं सांग," तो म्हणाला.

सांगितलं. कुस्तीत त्यानं माझ्या कानात म्हटलं होतं, "आज बी पाडणार तुला, करमाळ्याच्या." तिसऱ्यांदा हरलो तर गावात तोंड दाखवता येणार नाही असं वाटलं होतं. शिट्टी झाली, त्याची मान माझ्या काखेत होती आणि त्यानं अंग सैल सोडलं, कारण शिट्टी झाली होती. सैल सोडलंय हे मला कळलं. मग उचलला. कटकन आवाज झाला तो पण ऐकू आला. शिट्टीपेक्षा स्पष्ट.

"सोड म्हणून मी तुझ्या मांडीवर तीनदा थापटलं," सिद्धराम म्हणाला.

"व्हय. ते बी कळलं हुतं."

"मला म्हाईत हुतं तुला कळलं ते."

"मग समितीला का न्हाय सांगितलंस? घरात तरी कशाला घेतलंस मला?"

"पहिल्या दिवशी वाटलं हुतं, जवळ आलास की दातानं तुझा गळा धरावा. तेवढंच राहिलंय माझ्याकडं. मग म्हणलं, बघू, आपणहून बोलतोय का. जबाबाच्या दिवशी तुझ्यावर सोडलं, तवा बी न्हाय बोललास." त्याचा आवाज फाटला. "रोज तुला त्या लांडग्यांच्या तोंडी दिला हितं. रोज मरताना बघितलं. तरी भागलं न्हाय रं."

मागं भांडं पडल्याचा आवाज आला. दारात गौरम्मा. किती वेळ उभी होती कोण जाणे.

"अजिंक्य?" ती म्हणाली.

"अव्वा, ह्यो बिरुदेव हाय," सिद्धराम म्हणाला.

तिनं खाली वाकून पितळेचा तांब्या उचलला. मी उठून जाऊ शकलो असतो. तिनं दोन्ही हातांनी मारला. पहिला भुवईवर, दुसरा कानावर, तिसरा डोक्यात. कन्नडमध्ये काय काय ओरडत होती. एकच शब्द कळला, मगा. माझं लेकरू. चौथ्या घावाला माझ्या डोळ्यांत रक्त उतरलं आणि काही दिसेना. मी हात वर केला नाही. हे मोठेपणाचं म्हणून लिहीत नाही. हात वर येतच नव्हते.

"अव्वा, साकू," सिद्धराम म्हणाला. बस.

ती लगेच थांबली.

भुवनेश्वरीनं रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. अकरा टाके. डॉक्टरनं विचारलं तेव्हा ती म्हणाली, "माझ्या आईनं मारलंय. पायजे तर लिहून घ्या." मी म्हणालो, पडलो.

"खोटं बोलायची सवयच हाय तुला," ती म्हणाली.

३ सप्टेंबर

समितीत जाऊन लेखी दिलं. शिट्टी ऐकली, खेळाडू सैल पडल्याचं कळलं, तरी फेकला. साहेबांनी दोनदा वाचलं. "हे पोलिसात जाईल, कळतंय ना?" म्हणाले. हो म्हणालो. तिथूनच पोलीस चौकीत गेलो, तिथंही तेच लिहून दिलं.

वस्तादांनी माझा लंगोट खुंटीवरून काढून हातात दिला. दारापर्यंत आले तेवढं.

११ सप्टेंबर

कायमची बंदी. पोलिसांनी जामिनावर सोडलंय, तारखा पडत राहतील. अक्कलकोट रोडला टॉवेलच्या कारखान्यात गाठी उचलायचं काम धरलं. गावी फोन केला. वडील ऐकून घेऊन म्हणाले, "आता हिकडं येऊ नको थोडं दिवस." बरं म्हणालो.

२१ सप्टेंबर

भुवनेश्वरीचा फोन. "दादा बोलवतोय. रविवारी ये."

"आई?"

"आईला सांगितलंय."

२२ सप्टेंबर

दुपारी दोनला गेलो. गौरम्मानं दार उघडलं. बा म्हणाली नाही, जा म्हणाली नाही. कपाळावरच्या टाक्यांच्या खुणांकडं पाहिलं आणि आत गेली. तिच्या मनगटालाही पट्टी होती, तांब्या मारताना मुरगळलं असेल.

सिद्धराम पाट बांधून तयार होता. "बस," म्हणाला. "भुवनानं सेटिंगमधी एक नवीन शोधलंय. आता आपल्या गोळ्या एकमेकांना लागत्यात."

लांडगे बंद केले होते. आवारात फक्त आम्ही दोघं.

पहिल्यांदा मी उभाच राहिलो. त्यानं मला मारला, छातीत, डोक्यात, रक्त भिंतीपर्यंत उडालं. दुसऱ्यांदाही उभा राहिलो. त्यानं अंगठा काढून घेतला.

"नाटक नको. उभ्या माणसाला मारून काय मिळणार मला? पळ. मार मला."

"न्हाय मारवत."

"मग ऊठ आन् जा. दया करायला माणसं लई हायती माझ्याकडं. सगळी गल्ली येती."

मग मी पळालो. खरंच पळालो. टाकीमागं, कुंपणाकडेनं, डाव्या अंगठ्यानं पळत आणि उजव्यानं मागं मारत. एकदा त्याच्या पायाला लागली. तो शिवी देऊन हसला आणि दुसऱ्या बाजूनं येऊन माझं डोकं उडवलं. पुढच्या डावात मी त्याला मारला. त्याचा माणूस आडवा पडल्यावर माझे अंगठे थांबले, पण तो म्हणाला, "आं, आता कसं. परत लाव." किती डाव झाले मोजले नाहीत. तो मला जास्त वेळा मारत होता. शेवटी शेवटी दोघंही ओरडत होतो, शेजाऱ्यानं खिडकी लावून घेतली.

मग त्याचा उजवा हात पाटावरून घसरायला लागला. दमला होता. कोपर वर धरलं जाईना. थांबू या म्हणालो. "थांबायचं न्हाय," तो म्हणाला.

भुवनेश्वरी उठली आणि माझ्या हातातून कंट्रोलर काढून घेतला. "सरक. मी खेळते. तू त्याचा हात धर."

मी खुर्चीशेजारी गुडघ्यावर बसलो आणि त्याच्या कोपराखाली तळहात घातला. हात किती हलका झालाय. त्यानं एकदा माझ्याकडं पाहिलं, मग पडद्याकडं. अंगठा दांडीवर टेकवला. तो अंगठा दाबला की कोपरापर्यंतची एक शीर उडते, ती मला तळहातावर कळत होती. डावीकडं. वर. मागं. भुवनेश्वरीला त्यानं लागोपाठ तीनदा मारलं.

पाच वाजेपर्यंत मी हात हलवला नाही.